मृत्युपत्राने वारस घडवता येतो का? टागोर विरुद्ध टागोर, १८७२

कलकत्त्याच्या पाथुरियाघाटा टागोर घराण्यातील प्रसन्नकुमार टागोर हे सदर दिवाणी अदालतीचे नामांकित वकील आणि मोठे जमीनदार. त्यांचे एकुलते एक चिरंजीव ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाले. पित्याने संबंध तोडले. संपत्तीचा प्रश्न मात्र तसा तुटणारा नव्हता.

कारण वर्षभर आधीच, १८५० मध्ये, कंपनी सरकारने कायदा केला होता : धर्मांतरामुळे कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही. प्रसन्नकुमार मृत्युपत्र न करता वारले असते, तर सारी जमीनदारी ज्ञानेंद्रमोहनांकडेच गेली असती.

महाराष्ट्रातील पित्याला येथे फारसे काही करता आले नसते. आपल्याकडे चालणाऱ्या मिताक्षरेनुसार वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मापासूनच असतो. बंगालमध्ये प्रमाण होता जीमूतवाहनाचा ‘दायभाग’. तेथे हयातीत पिताच पूर्ण मालक. म्हणून १८६२ मध्ये प्रसन्नकुमारांनी मृत्युपत्र केले आणि त्यात पुत्राला काहीही ठेवले नाही. (त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनमधून ज्ञानेंद्रमोहन पहिले भारतीय बॅरिस्टर झाले!)

मृत्युपत्राची रचना पाहण्यासारखी आहे. मिळकत विश्वस्तांच्या नावे. न्यासाचे मर्म हेच : कागदोपत्री मालकी एकाची, लाभ दुसऱ्याचा, आणि मालकावर त्या दुसऱ्यासाठी कारभार पाहण्याचे बंधन. येथे लाभार्थी होते पुतणे जतींद्रमोहन, पण केवळ हयातीपुरते. त्यांच्यानंतर त्यांचा ज्येष्ठ पुत्र, मग त्याचा ज्येष्ठ पुत्र, असे पिढ्यान्‌पिढ्या, फक्त पुरुष वंशात. तो वंश खुंटला तर जतींद्रमोहनांचे बंधू सौरींद्रमोहन यांची शाखा. हा साचा इंग्रज उमरावांचा. धर्मांतरित पुत्राला वगळण्यासाठी सनातनी पित्याने इंग्रजी हत्यार उचलावे, ही त्या काळाची मोठी गंमत.

अडचण एकच. जतींद्रमोहनांना पुत्र नव्हता. म्हणजे संपत्ती अशा माणसांना दिली होती, जी जन्मलीच नव्हती.

१८६८ मध्ये प्रसन्नकुमार वारले आणि ज्ञानेंद्रमोहन न्यायालयात गेले. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १८७२ मध्ये न्यायमूर्ती विल्स यांनी निकाल दिला. हिंदू कायद्यात दान घेणारा अस्तित्वात असावा लागतो. मृत्युपत्राबाबत ती वेळ म्हणजे करणाऱ्याच्या मृत्यूची. गर्भस्थ बालक किंवा मृताच्या अनुमतीने नंतर दत्तक घेतलेला पुत्र यांना कायदा अस्तित्वात मानतो. केवळ कल्पनेतल्या नातवंडांना नाही. दुसरे, कायद्याला अज्ञात असा वारसाक्रम कोणीही स्वतःच्या मर्जीने निर्माण करू शकत नाही. मग मधे विश्वस्त घातले तर? जे थेट करता येत नाही ते न्यासाच्या आडूनही करता येत नाही, असे उत्तर मिळाले.

आणि सर्वांत धारदार मुद्दा : ‘याला काही मिळू नये’ एवढे लिहून वारस बेदखल होत नाही. मिळकत दुसऱ्या कोणाला तरी वैधपणे द्यावी लागते. जेवढा भाग तसा दिला जात नाही, तेवढा कायदेशीर वारसाकडेच परततो. म्हणून जतींद्रमोहनांना हयातीचा उपभोग मिळाला आणि त्यानंतरचा हक्क ज्ञानेंद्रमोहनांचा ठरला. प्रत्यक्षात ज्ञानेंद्रमोहन १८९० मध्ये लंडनला वारले. जतींद्रमोहन १९०८ पर्यंत जगले.

अजन्मा व्यक्तीला मृत्युपत्राने देण्यावरील ही कडक बंदी १९१६ च्या कायद्याने शिथिल झाली, तीही मर्यादा घालूनच. संपत्ती अनंत काळ बांधून ठेवण्याची मुभा तेव्हाही मिळाली नाही.

प्रसन्नकुमारांच्या त्याच मृत्युपत्रातील एक तरतूद मात्र निर्वेध टिकली : कलकत्ता विद्यापीठातील टागोर विधी व्याख्यानमाला. १८८३ मध्ये जर्मन पंडित युलिउस योली यांनी ती गुंफली. विषय होता हिंदू कायद्यातील वाटणी, वारसा आणि दत्तक.