हिवाळ्याचे यजमान : भंडारा जिल्ह्यातील शंकरपट

कार्तिक सरत आला, वैनगंगा आणि चुलबंद यांच्या खोऱ्यांतील बांध्यांतून भारी धान कापून निघाले, भारे बांधून त्यांचे पुंजणे रचले गेले आणि चुरण्याची घाई ओसरली, म्हणजे भंडारा जिल्ह्यातील कास्तकाराच्या वर्षात असे काही आठवडे येतात की ज्यांत हाताला विसावा, कोठीत दाणा आणि गोठ्यात तणस या तिन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी लाभतात. धान उभे असतानाच ओल्या बांधीत फेकलेली लाखोळी आपली आपण वाढत असते, पुढल्या हंगामाची चिंता अद्याप दूर असते, आणि पावसाळाभर चिखलात राबलेले बैल खाऊनपिऊन अंगाने भरू लागलेले असतात. निसर्गाने दिलेल्या या अवकाशात झाडीपट्टीने आपला हिवाळी क्रीडोत्सव बसविला. त्यालाच शंकरपट म्हणतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जो अरण्यबहुल प्रदेश होतो त्यास झाडीपट्टी हे नाव पूर्वापार आहे, आणि या प्रदेशात नुसते ‘पट’ म्हटले तरी लहान मुलालाही अर्थ कळतो. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलांची जोडी, ती हाकणारा धुरकरी, सरळ आखलेली धावपट्टी आणि तिच्या दोन्ही अंगांना दाटलेला जनसमुदाय, एवढे त्याचे बाह्य स्वरूप होय. कोणती जोडी किती सेकंदांत सुटली याची चर्चा पारापारावर पुष्कळ होत आली आहे. परंतु एखाद्या हजार-दोन हजार वस्तीच्या खेड्याने आपल्याहून कितीतरी अधिक पाहुण्यांना आणि शेकडो जनावरांना दोन-तीन दिवस दाणापाणी, निवारा, न्याय आणि करमणूक पुरवावी, आणि तेही कोणत्याही खात्याच्या आधाराविना, हे जे यजमानपणाचे शास्त्र येथे पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध झाले, त्याकडे इतिहासाचे लक्ष जावे तितके गेलेले नाही. या लेखाचा विषय ते शास्त्र आहे.

त्याचा उगम समजण्यासाठी या जिल्ह्याच्या जुन्या ग्रामव्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. तलावांचा जिल्हा म्हणून भंडाऱ्याची जी ख्याती आहे तिच्या मुळाशी कोहळी समाजाचे जलकौशल्य आहे. गोंड राजांच्या अमदानीत ज्याने तलाव बांधावा त्याला त्याखालील जमीन मिळावी, अशा उत्तेजनाने येथील तलावांच्या पाळी उभ्या राहिल्या. पुढे नागपूरकर भोसल्यांचा अंमल झाला, १८५३ साली तिसरे रघूजी निपुत्रिक वारल्यावर ते राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात गावच्या वसुलीची जबाबदारी असणाऱ्या इसमास मालगुजार या नात्याने मालकीहक्क मिळाले. ‘मामा तलाव’ या आजच्या प्रचलित नावात ‘माजी मालगुजारी’ हे दोन शब्द दडलेले आहेत, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तलावाची पाळ बांधावयाची तर साऱ्या गावाने एका वेळी हात लावावा लागतो, पाण्याची पाळी ठरवावयाची तर सर्वांनी एक शब्द मानावा लागतो; आणि ज्या गावाला पाणी वाटून घेण्याची ही शिस्त अंगवळणी पडली होती त्याला पाहुणे वाटून घेणे अवघड वाटले नाही.

या प्रदेशाच्या आसपासच वेगवान बैलांची एक जुनी पैदास आहे. वर्धा, नागपूर, शिवनी, बालाघाट या पट्ट्यातला गवळाऊ बैल बांध्याने हलका आणि पायाने चपळ असतो, आणि मराठ्यांच्या फौजांचे सामान त्वरेने वाहून नेण्यासाठी या जातीची जोपासना झाली असे पशुसंवर्धनाचे ग्रंथ सांगतात. फौजा गेल्या तरी वेगवान बैलाचा शौक गावोगाव उरला, आणि ज्याच्या दारी पटाची जोडी आहे त्याचा मान पंचक्रोशीत वाढला.

पटाची सिद्धता तिथीपासून सुरू होते. प्रत्येक गावच्या पटाला आणि मंडईला, म्हणजे गावजत्रेला, परंपरेने ठरलेले दिवस असतात. शेजारच्या गावाचा दिवस आपल्या दिवसावर येऊ नये ही खबरदारी घेतलेली असते, कारण दोन्हीकडे येणारे बैल तेच, प्रेक्षक तेच, पाल ठोकणारे दुकानदारही तेच. दिवाळीनंतरच्या मंडईपासून थेट महाशिवरात्रीपर्यंत आणि क्वचित त्याही पुढे ही माळ ओवलेली असे. छापील जाहिराती येण्यापूर्वी आठवडी बाजारात दवंडी फिरे, सोयऱ्याधायऱ्यांकडे माणसे धाडली जात. पुढे ‘जंगी इनामी शंकरपट’ अशा ठळक अक्षरांची पत्रके हॉटेलांच्या भिंतींवर आणि एस.टी.च्या थांब्यांवर झळकू लागली. नंतरचे काम धावपट्टीचे. मोकळे पडीत रान असेल तर ठीक. नाहीतर कापलेल्या बांध्यांतून पट्टी काढावयाची म्हणजे मधले धुरे फोडणे, धसकटे उपटणे, ढेकळे चिरडणे, खळगे बुजविणे आणि पाणी शिंपून जमीन चोपणे आले. धुरा ही धानकऱ्याची सीमा आणि त्याची पाणी धरणारी भिंत. ती फोडू द्यावयाची तर शेजाऱ्यावर पूर्ण विश्वास हवा, की मृगापूर्वी तो ती पूर्ववत बांधून देईल. पटाचा खरा पाया हा विश्वास होय.

पटाच्या दिवशी सकाळी धुके विरायच्या आत जोड्या येऊ लागतात. पूर्वी दूरच्या जोड्या आदल्या दिवशीच रेंगी नावाच्या गाडीमागे बांधून चालवीत आणल्या जात, कारण धावणाऱ्या बैलाला वाटेची दमणूक होऊ नये. आता त्या मालमोटारींतून उतरतात. अंगावर झूल, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरांची माळ, आणि शेजारी उकिडवा बसून बैलाच्या पायांवरून तळहात फिरवीत गरमी चाचपणारा मालक, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला या नात्याची जात कळते. पाळी आली की झूल उतरते, घुंगरे निघतात, जोडी छकड्याला लागते. बैल ओळखीच्या खुणेनेच ताठतात. चार माणसे वेसणी धरून उभी असतात, त्यांच्या टाचा मातीत रुतलेल्या असतात, बैलांच्या नाकपुड्यांतून वाफ निघते, आणि धुरकरी एक पाय आखडून छकड्यावर दबून बसतो. समोर झेंडी पडते, वेसणी सुटतात, आणि पुढले काही क्षण गर्दीचा आवाज खुरांच्या आवाजात बुडून जातो. शेवटच्या रेषेवर घड्याळवाले उभे असतात. पंचांच्या तोंडून सेकंद आणि त्याचे अंश पुकारले जाईपर्यंत कोणी जागचा हलत नाही.

घड्याळावरून निकाल लावण्याच्या या पद्धतीला साम्य सापडते ते फार दूरच्या भूमीवर. फ्रान्समधील शामोनी या आल्प्सच्या पायथ्याच्या गावी २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात १६ देशांचे खेळाडू ‘आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडा सप्ताहा’साठी जमले, पुढे त्याच सप्ताहाला पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचे पद देण्यात आले. तेथील पहिले सुवर्णपदक अमेरिकेच्या चार्ल्स जूट्रॉ याने बर्फावरील ५०० मीटर स्केटिंगच्या धावेत ४४ सेकंद वेळ देऊन मिळविले. त्या धावेत दोन-दोन स्पर्धक आपापल्या पट्टीतून एकाच वेळी सोडतात आणि अखेरचा निर्णय समोरासमोरच्या जयापजयावर न ठेवता घड्याळावर ठेवतात. झाडीपट्टीतही दोन पट्ट्या शेजारी आखून दोन जोड्या एकदम सोडण्याची आणि वेळेवरून निकाल लावण्याची रीत रूढ आहे. बर्फाचा देश आणि धानाचा देश यांनी एकमेकांस न पाहता न्यायाची एकच युक्ती शोधावी, यात मला मोठे समाधान वाटते. कारण भांडण टाळून निवाडा करण्याची गरज सर्व यजमानांना सारखीच असते.

दिवस मावळला की पटाचे दुसरे अंग उघडते. आलेला पाहुणा रात्री परतू शकत नाही. बैल थकलेले, वाट जंगलाची, थंडी कडक. त्याला रात्रभर जागे आणि आनंदात ठेवावयाचे कसे, या यजमानाच्या प्रश्नातून दिवसा पट आणि रात्री नाटक ही जोडी जमली. आधी दंडार आणि खडीगंमत हे लोकनाट्यप्रकार, पुढे संगीत नाटक, अशा पायऱ्यांनी झाडीपट्टीची रंगभूमी वाढली. मोकळ्या शेतात प्रेक्षकांसाठी जमीन खोदून खोलगट करावयाची, निघालेली माती पुढे टाकून रंगमंच उंच करावयाचा, भोवती कापडी आडोसा लावावयाचा, आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे कोंबडा आरवेपर्यंत चालू ठेवावयाचा, हा तिचा परिपाठ. मागल्या बाकीपेक्षा पुढे तणसावर अंथरलेल्या घोंगडीवर बसणाऱ्याला अधिक ऊब मिळते, हे येथील जाणकार प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. आज गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या नाटकमंडळ्यांचे केंद्र झाले आहे, आणि २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या तणसावर बसणाऱ्या असंख्य प्रेक्षकांचाही तो सन्मान झाला.

या दिवसांत घरोघरी लेकी माहेरी येतात, जावयाला मानाने बोलावणे जाते, उपवर मुलामुलींची पाहणी सहज होऊन जाते. पाटावर नव्हे, पटावर सोयरीक जमली, असे सांगणारी कुटुंबे या भागात कमी नाहीत. चुलीवर एकाच वेळी वीस-पंचवीस माणसांचा भात चढतो. ओळखीचा पाहुणा तर जेवतोच, परंतु त्याच्याबरोबर आलेला अनोळखी धुरकरीही त्याच पंगतीत बसतो, आणि त्याच्या बैलांना तणस घालताना घरधनी आपल्या बैलांची गव्हाण मोजीत नाही.

यजमानपणाचे ओझे मोठ्या राष्ट्रांनाही झेपेनासे होते, याची उदाहरणे आहेत. १९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे हिवाळी ऑलिंपिक भरले, त्या वर्षी बर्फच पुरेसे पडले नाही. तेव्हा लष्करातील जवानांनी डोंगरांवरून ४०,००० घनमीटर हिम उतारांवर आणून पसरले. १९७६ च्या स्पर्धेचा मान अमेरिकेतील डेन्व्हर शहरास मिळाला होता, पण खर्चाच्या आणि निसर्गहानीच्या धास्तीने कोलोराडो राज्याच्या मतदारांनी १९७२ साली सार्वजनिक पैसा देण्याचे नाकारले आणि ती स्पर्धा पुन्हा इन्सब्रुकला न्यावी लागली. ज्यांच्या घरी पाहुणे यावयाचे त्यांची संमती आधी घ्यावी, हा धडा त्या मतदारांनी घालून दिला. झाडीतल्या गावसभेत तो धुरे फोडण्यापूर्वीच पाळला जातो.

पटाचा यजमानही काळाप्रमाणे पालटला. मालगुजाराच्या वाड्यावरून जो खर्च आणि जो हुकूम निघे तो ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपुष्टात आली तसा आटला. परंतु पट आटला नाही. गावच्या समित्या, मंडळे आणि पंचायती पुढे आल्या, घरटी वर्गणी सुरू झाली, आणि एका वाड्याचा मान साऱ्या गावाच्या वाट्याला आला. राज्यांच्या सीमाही हलल्या. पूर्वी ज्याचा काही मुलूख भंडाऱ्यात मोडत होता तो बालाघाट वेगळा जिल्हा झाला आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला. भंडारा द्वैभाषिक मुंबईत व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया निघाला. दफ्तरातले नकाशे असे पुन:पुन्हा फाटले, तरी पटाची निमंत्रणे बालाघाटकडे आणि छत्तीसगडच्या बाजूला जुन्या वाटांनीच जात राहिली.

या गौरवाबरोबर एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. इनामांच्या रकमा जशा वाढल्या तशी काहींच्या हाती आर बसविलेली तुतारी, म्हणजे बैल हाकण्याची काठी, अधिक निर्दय झाली, शेपटी पिरगाळणे आणि टोचणे यांस ऊत आला, आणि मुक्या जनावराच्या वेदनेवर पैजा लागू लागल्या. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश केला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतीही निषिद्ध ठरविल्या. झाडीतल्या धावपट्ट्यांवर त्यानंतर कित्येक हिवाळे गवत उगवले. नाटके मात्र चालू राहिली आणि पाहुण्यांची वाट त्यांनी मोडू दिली नाही. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, पशुवैद्याचा दाखला, १,००० मीटरची कमाल मर्यादा आणि चाबूक-काठीला बंदी ही पटाची नवी घटना आहे.

ही बंधने जाचक आहेत असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तसे वाटत नाही. ज्या गावाने अनोळखी धुरकऱ्याला आपल्या पंगतीत बसविले, त्याच्या बैलांसमोर हात न आखडता तणस टाकले, त्या गावाच्या आतिथ्यात बैलही पाहुणाच होता. तुतारीच्या टोकाने तो धर्म मोडला होता, आणि न्यायालयाने त्याची आपल्याला आठवण करून दिली एवढेच. म्हणून भंडारा जिल्ह्यातील पट-समित्यांना माझी विनंती आहे की, परवाना हाती आला की तो पेटीत न ठेवता धावपट्टीच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, तुतारी आढळेल त्या जोडीला कितीही नावाजलेली असली तरी परत धाडावे, आणि पहिल्या इनामाइतकाच मान निरोगी, अक्षत जोडीला द्यावा. पट आपल्या पूर्वजांनी बैलांच्या बळावर उभा केला. तो पुढच्या पिढीला द्यावयाचा असेल तर पहिली काळजी बैलाची घेतली पाहिजे.