नाळेतल्या रक्ताचा आवाज

नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांतही आता सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर ‘कलर डॉप्लर’ हे शब्द दिसतात. डॉप्लर हे मूळचे यंत्राचे नाव नव्हे, ते एका शिक्षकाचे आडनाव.

प्रागमध्ये गणित शिकवणाऱ्या ख्रिश्चन डॉप्लर यांनी 1842 साली जोडताऱ्यांच्या रंगांवर निबंध मांडला. रंगांबाबतचा त्यांचा अंदाज चुकला, पण तत्त्व खरे ठरले. लहरींचा उगम जवळ येत असेल तर वारंवारता वाढते, दूर जात असेल तर घटते. 1845 मध्ये हॉलंडमध्ये बाइस बॅलट यांनी धावत्या आगगाडीवर तुतारी वाजवणारे बसवून ते पडताळले.

शरीरात रक्त वाहते कसे, याचा शोध त्याहून जुना. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीस यांनी हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून डावीकडे येते हे सांगितले. संपूर्ण अभिसरण विल्यम हार्वे यांनी 1628 मध्ये मांडले. पण शीर न कापता वाहत्या रक्ताचा वेग मोजायचा कसा? 1950 च्या दशकात जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी त्यासाठी डॉप्लरचे तत्त्व वापरले. धावत्या तांबड्या पेशींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींची वारंवारता बदलते. हा फरक माणसाला ऐकू येण्याच्या टप्प्यात येतो, म्हणून यंत्रातून रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. पडद्यावर साधारणपणे जवळ येणारे रक्त लाल, दूर जाणारे निळे दिसते.

1977 मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी पोटातल्या बाळाच्या नाळेतला प्रवाह असाच टिपला. तिथले रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही वारेकडे वाहत राहायला हवे. वारेत अडथळा वाढला की ते मंदावते, थांबते, कधी उलटे फिरते. बाळ संकटात असल्याची ती खूण असते आणि डॉक्टर वेळेत निर्णय घेऊ शकतात.

याच सोनोग्राफीच्या चित्राचा उपयोग मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठीही झाला. महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, 1988 मध्ये, गर्भलिंग तपासणीवर कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 884 होत्या, त्या 2011 मध्ये 852 झाल्या. जिवंत पुरलेल्या मुलीला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले, अशी विचारणा कयामतच्या दिवशी होईल, असे कुरआन बजावतो. जन्माआधीच नाहीशा केलेल्या या मुलींबद्दलही तो सवाल आहेच, आणि तो यंत्राला नाही, आपल्याला आहे.

नाळेतल्या रक्ताच्या आवाजावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. बाळाला पुरेसे रक्त मिळते आहे का, एवढेच कळते. आईबापांनी विचारावे ते एवढेच.