मांडणारे आणि मांडले गेलेले

आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात देश आपल्या वस्तू मांडतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु त्या देशाच्या वतीने मांडणारा कोण आणि मांडले जाते कोण, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. या दृष्टीने जपानचा प्रदर्शन-इतिहास उद्बोधक आहे.

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तोकुगावा शोगुनाने आपला धाकटा भाऊ आकिताके याला प्रतिनिधी म्हणून धाडले. पण सात्सुमा या मांडलिक संस्थानाने र्‍यूक्यू बेटांचे नाव पुढे करून तेथे स्वतंत्र मांडणी केली, स्वतःची पदकेही वाटली. जपानच्या वतीने बोलायचे कोणी, हा घरचा कलह असा जगासमोर आला. त्याच वर्षी शोगुनाने सत्ता सोडली. १८६८ च्या मेइजी सत्तांतरात सात्सुमा आघाडीवर होते.

नव्या सरकारने १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मोठा सहभाग घेतला. त्याच्या नियमावलीचे भाषांतर करताना 'बिजुत्सु' (ललित कला) हा शब्द घडवावा लागला. म्हणजे परक्यांच्या वर्गवारीत बसण्यासाठी आपल्याच परंपरेला नवे नाव द्यावे लागले.

ही वर्गवारीची नजर जपानने लवकरच आत्मसात केली. १८७९ मध्ये र्‍यूक्यूचे राज्य खालसा करून ओकिनावा प्रांत बनवण्यात आला होता. १९०३ साली ओसाकातील औद्योगिक प्रदर्शनालगतच्या 'मानववंश दालना'त ऐनू, तैवानचे आदिवासी आणि ओकिनावाच्या स्त्रिया यांना प्रेक्षकांपुढे बसवले गेले. ओकिनावातून तीव्र निषेध झाला आणि त्या स्त्रियांना परत पाठवण्यात आले. मात्र त्या निषेधातही 'आम्हाला ऐनूंच्या पंक्तीला बसवू नका' असा सूर होता. अपमानाची उतरंड अपमानितांनीही मान्य केली होती, हे या प्रसंगातले सर्वांत अस्वस्थ करणारे सत्य आहे.

१९७० मध्ये ओसाकाने आशियातील पहिले जागतिक प्रदर्शन भरवले. ७७ देश आले, सहा कोटी ४० लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. १९७२ मध्ये ओकिनावा अमेरिकी अमलातून जपानकडे परत आला आणि १९७५ मध्ये तेथे सागरविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. ज्या बेटांचे नाव पॅरिसमध्ये दुसऱ्यांनी वापरले, ज्यांची माणसे ओसाकात मांडली गेली, ती बेटे आता यजमान होती. निमंत्रण मात्र टोकियोच्या नावाने गेले होते.