बंब (पाणी तापवण्याचे साधन)

बंब हे स्नानाचे पाणी तापवण्याचे उभट, नळकांड्याच्या आकाराचे भांडे आहे. ते तांब्याचे, क्वचित पितळेचे असते आणि त्याच्या मधोमध जळण पेटवण्याची आरपार नळी असते. विजेचे व गॅसचे गिझर येण्यापूर्वी महाराष्ट्रातील शहरी घरांत बंब सर्रास आढळे. मुंबईत खोली उबदार ठेवण्यासाठी विस्तवाची गरज भासत नाही. सांताक्रूझ येथे २२ जानेवारी १९६२ रोजी नोंदवलेले ७.४ अंश सेल्सियस हे तापमान अपवादात्मकच मानले जाते. त्यामुळे काश्मीर वा हिमाचलमध्ये घर तापवणाऱ्या बुखारीची निवड आणि जागा यांविषयी जे प्रश्न पडतात, ते मुंबईत बंब आणि कोळशाची शेगडी यांच्याबाबत पडत. चिंचपोकळी, लालबाग, परळ या गिरणगावातील एकखोली बिऱ्हाडांत ते अधिक बिकट होते, कारण तेथे स्वयंपाक, स्नान आणि झोप एकाच छताखाली होत असे आणि धुराड्याची सोय बहुधा नसे.

नाव

‘बंब’ या शब्दाचा संबंध पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’ या शब्दाशी जोडला जातो. आग विझवणाऱ्या गाडीलाही मराठीत बंबच म्हणतात. म्हणजे विस्तव पोटात बाळगणारे भांडे आणि तो विझवणारे वाहन यांचे नाव एकच आहे.

रचना

बंब तीन किंवा चार पायांवर उभा असतो. मधल्या नळीच्या तळाशी लोखंडी जाळी असते; तिच्यावर जळण राहते आणि राख खालच्या ताटलीत पडते. जळण वरून टाकतात, धूरही वरूनच बाहेर पडतो. नळीतील तप्त वायू वर चढतात आणि जाळीखालून ताजी हवा ओढली जाते. नळीभोवतीच्या पोकळीत पाणी असल्यामुळे आच चहूकडून पाण्यालाच मिळते. सामोवाराची रचनाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

बहुतेक बंबांना बाजूला तोटी असते. काही जुन्या प्रकारांत तोटीऐवजी वरच्या अंगाला चोच असते. नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी चोचीतून बाहेर पडते. असा बंब वापरताना रिकामा होत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. तोटीच्या बंबात पाणी संपूनही विस्तव चालू राहिला, तर सांध्यांचा डाख वितळून भांडे गळू लागते.

निवड

तांबे पितळेच्या सुमारे तिप्पट उष्णतावाहक आहे, म्हणून तांब्याच्या बंबाला पसंती असे. प्रत्यक्षात नळीच्या आत साचणारी काजळी धातूच्या फरकापेक्षा अधिक अडथळा करते. नळी नियमित खरवडलेला पितळी बंब, काजळीने माखलेल्या तांब्याच्या बंबापेक्षा लवकर तापतो. पुण्यातील कसबा पेठेची तांबट आळी बंब घडवण्यासाठी प्रसिद्ध होती. मुंबईत तांब्यापितळेच्या भांड्यांचा बाजार पायधुनीजवळच्या तांबाकाट्यावर होता.

आकार ठरवताना माणसांपेक्षा जळणाचा हिशेब महत्त्वाचा ठरे. पंधरा लिटर पाणी २० अंशांनी तापवण्यास ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. सुके लाकूड किलोमागे साधारण ३,६०० किलोकॅलरी देते. त्यातील एक तृतीयांश पाण्यात उतरली असे धरल्यास बादलीमागे पाव किलो लाकूड जळते. ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातील पाणी उडवण्यातच खर्च होते आणि धूरही वाढतो. लाकूड आणि कोळसा वखारीतून विकत आणावा लागे. रे रोडच्या बाजूची लाकडी बंदर व कोळसा बंदर ही नावे या मालाच्या उतारपेठेची खूण आहेत. नारळाच्या करवंट्या, सोडणे आणि खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे हे घरोघरचे फुकटचे जळण होते.

चाळीतील जागा

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे बांधलेल्या चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची आहे. खाजगी चाळींतील खोल्याही साधारण याच मापाच्या असत. अशा खोलीत बंबाला दोनच जागा उरत: मोरी किंवा सामाईक गॅलरी.

मोरीत पाणी हाताशी असते, खाली दगडी लादी असते आणि पडलेला निखारा कशालाही न लागता विझतो. परंतु धूर खोलीतच कोंडतो. गॅलरीत धूर मोकळा सुटतो, मात्र तो शेजारच्या बिऱ्हाडात शिरतो आणि त्यावरून कुरबुरी होतात. शिवाय अनेक जुन्या चाळींच्या गॅलऱ्या लाकडी फळ्यांच्या आहेत. तेथे पाण्याने भरलेल्या बंबाचा पंचवीस-तीस किलोंचा भार आणि जाळीतून गळणारे निखारे या दोहोंचा विचार करून पायांखाली शहाबादी फरशी ठेवणे इष्ट असते. येण्याजाण्याची वाट आणि जिना यांच्या तोंडाशी बंब ठेवल्यास आगीच्या वेळी सुटकेचा मार्गच अडतो. वाळत घातलेले कपडे, चिकाचे पडदे आणि रॉकेलचा डबा यांपासून तो दूर ठेवावा लागतो. जाळीखालची वाट राखेने वा भिंतीने बुजल्यास ओढ मंदावते आणि धूर आत परततो. नळीच्या तोंडावर पत्र्याचे लांब नळकांडे बसवल्यास ओढ वाढते.

धूर आणि विषारी वायू

बंबापेक्षा शेगडीचा धोका अधिक फसवा असतो. लोणारी कोळशाची शेगडी प्रथम गॅलरीत पेटवून, धूर निघून गेल्यावर निखाऱ्यांसह आत आणण्याची पद्धत होती. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. या वायूला रंग वा वास नसतो आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. डोकेदुखी, गुंगी आणि मळमळ ही त्याच्या बाधेची लक्षणे होत. झोपलेल्या माणसाला ती जाणवत नाहीत, म्हणून दारे-खिडक्या लावून शेगडी खोलीत ठेवून झोपणे जिवावर बेतू शकते. राखेखाली झाकलेले निखारेही याला अपवाद नाहीत. अशा बाधेची शंका येताच माणसाला मोकळ्या हवेत नेऊन रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते.

दिवाळीतील स्थान

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी ‘पाणी भरणे’ हा विधी असतो. त्या वेळी बंब चिंचेने घासून लखलखीत करतात (चिंचपोकळीच्या नावातही चिंच आहेच), त्यात पाणी भरतात, हळदकुंकू लावतात आणि झेंडूची माळ घालतात. पहाटेच्या अभ्यंगस्नानासाठी तो सूर्योदयाच्या पुष्कळ आधी पेटवला जाई.

ऱ्हास

रॉकेलच्या स्टोव्हने शेगडीची जागा आधीच घेतली होती. मुंबईत १९५५ मध्ये सिलिंडरच्या गॅसची विक्री सुरू झाली आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसमुळे नळाचा गॅसही घरोघर पोहोचू लागला. गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या, पुढे अनेक चाळींच्या जागी उंच इमारती आल्या. त्यांच्या न्हाणीघरात बंबाला जागा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील बेकऱ्या व उपाहारगृहांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. जुने बंब आता चोर बाजारात शोभेच्या वस्तू म्हणून विकले जातात.