इंधनबाष्प आणि रक्तातील जैवसूचक : एक ऐतिहासिक आढावा (देवळा तालुक्याच्या संदर्भात)

प्रस्तावना :
नाशिक जिल्ह्यातील देवळा हा तालुका 1999 मध्ये अस्तित्वात आला. विंचूर-प्रकाशा मार्गावरील देवळा आणि मुंबई-आग्रा महामार्गावरील उमराणे ही कांद्याच्या व्यापाराची केंद्रे असल्याने येथे वाहनांची सतत वर्दळ असते. या वाहनांना इंधन देणाऱ्या पंपावरील कामगाराच्या शरीरात बाष्पे श्वासावाटे जातात. त्या बाष्पांच्या परिणामांची नोंद घेण्याची पद्धत कशी विकसित झाली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

आगीचा कायदा :
भारतात पेट्रोलचे नियमन प्रामुख्याने 1934 च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार झाले. ज्या तापमानाला बाष्प पेट घेते, त्यावर या कायद्यातील वर्गवारी आधारलेली आहे. 23 अंश सेल्सिअसखाली पेट घेणारे पेट्रोल ‘अ’ वर्गात मोडते. म्हणजेच कायद्याने बाष्पाकडे आगीचे कारण म्हणून पाहिले. जिल्ह्याच्या स्मरणातही इंधन ज्वाळेच्याच रूपाने उरले आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ इंधनभेसळ रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्वाळा सर्वांना दिसते; अस्थिमज्जेवरील संथ आघात मात्र दिसत नाही.

रक्ताची साक्ष :
हा आघात प्रथम मृत्यूंतून कळला. 1897 मध्ये सँटेसन यांनी स्वीडनमधील सायकल-टायर कारखान्यातील तरुण स्त्री-कामगारांत बेंझीनमुळे झालेल्या घातक रक्तक्षयाची नोंद केली. 1924 मध्ये न्यू जर्सीतील शुद्धीकरण केंद्रात टेट्राएथिल लेडच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. भारताच्या 1948 च्या कारखाने अधिनियमाने शिसे व बेंझीन यांच्या विषबाधेला अधिसूचनीय रोगांच्या यादीत स्थान दिले. त्याच वर्षी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या आढाव्यात बेंझीनची पूर्णतः सुरक्षित मात्रा शून्य असल्याचे मान्य झाले होते. परंतु रोगाची नोंद ही हानी झाल्यानंतरची नोंद असते. जैवसूचकाचे महत्त्व ती आधी कळण्यात आहे.

शिशासाठी रक्तातील शिशाचे प्रमाण, तर बेंझीनसाठी श्वेतपेशी व बिंबिकांची संख्या हे प्रारंभीचे सूचक होत. लघवीतील फिनॉल अल्प मात्रेत निरुपयोगी ठरल्याने पुढे म्युकोनिक आम्ल व फिनाइल-मर्कॅप्ट्युरिक आम्ल यांचा अवलंब झाला. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि चिंतेचा केंद्रबिंदू बेंझीनकडे वळला. 2004 मध्ये चीनमधील तिआनजिन येथील 250 कामगारांच्या अभ्यासात हवेत दशलक्ष भागांत एक भागाहून कमी बेंझीन असतानाही रक्तपेशी घटल्याचे आढळले. 1987 मध्ये अमेरिकेने नेमकी हीच मर्यादा ठरविली होती. बी.एस.-6 मानकांनी पेट्रोलमधील बेंझीन 1 टक्क्यावर रोखले असले, तरी 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पेट्रोललाच मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात समाविष्ट केले.

समारोप :
या इतिहासात प्रत्येक नव्या सूचकाने ‘सुरक्षित’ मानलेली मात्रा अधिक खाली आणली. बाष्प परत खेचणारी यंत्रणा बसविण्याचे निकष मात्र पंपाची विक्री व शहराची लोकसंख्या यांवर ठरतात. देवळ्यासारखे छोटे गाव त्यांत सहजी बसत नाही. अशा ठिकाणी नेमणुकीच्या वेळी व त्यानंतर दरवर्षी संपूर्ण रक्तगणना करून ती जपून ठेवणे, हा अल्पखर्चाचा उपाय ठरतो. एकाच तपासणीचा आकडा सामान्य मर्यादेत असू शकतो. त्याच व्यक्तीच्या आकड्यांतील वर्षागणिक घसरण बरेच काही सांगते. आगीसाठी पंपावर वाळूच्या बादल्या टांगल्या जातात. कामगाराच्या रक्तासाठी निदान एक नोंदवही असावी.