काँग्रेस गवत कुणी आणलं?

काँग्रेस गवत भारतात कुठून आलं, असं महाराष्ट्रात कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं, ‘अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हातून!’ मीही हे लहानपणापासून ऐकत आलोय. पण तारखा समोर ठेवल्या की ही गोष्ट अडखळते.

हे गवत पुण्यात १९५५ साली आढळलं. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. भारताचा पीएल-४८० खालचा पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. म्हणजे रोप आधी आणि करार नंतर! अर्थात अमेरिकी गहू त्यापूर्वीही येत होता, १९५१ साली त्यासाठी कर्जही मिळालं होतं. त्यामुळे बी धान्यातून आलं असण्याची शक्यता उरतेच. पण कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीत या वनस्पतीचं नाव आहे. डेहराडूनच्या संग्रहात १८८० चा वाळवलेला नमुना आहे.

मूळ अमेरिका खंडातलं, हे खरं. पण ‘परक्यांनी आणलं’ म्हटलं की आपला हिशेब कुणी मागत नाही. इतिहासात असा सोपा आरोपी शोधायची आपली सवय जुनीच आहे.

खरा प्रश्न आहे, ते गावोगाव पोहोचलं कसं? एका झाडाला हजारो बिया येतात. त्या ट्रकच्या चाकांना लागलेल्या चिखलातून, भरावाच्या मातीतून, ओढ्यानाल्यांच्या पाण्यातून पसरतात. रस्त्यासाठी जमीन उकरली की मोकळ्या कडेवर हेच आधी उगवतं. ही वाट आपणच करून दिली.

१९८० च्या दशकात मेक्सिकोहून पानं खाणारे भुंगेरे आणून बंगळुरूत सोडले गेले. ते पावसाळ्यात काम करतात, एरवी जमिनीत दडून राहतात. टाकळा दाट वाढला तर या गवताला जागा उरत नाही. पण सगळ्यात साधा उपाय म्हणजे फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटणं. अनेक ठिकाणी होतं उलटंच. फुलल्यावर वरवर कापतात. तोवर बी पडलेलं असतं आणि बुडातून पुन्हा फुटवे येतात.

या गवताच्या स्पर्शानं कातडीला खाज सुटते, चट्टे येतात. परागांमुळे दम्याचा त्रास वाढतो. तरी रस्त्याकडेला ते उपटणाऱ्या मजूर बायकांच्या हातांत मोजे नसतात. गव्हाच्या जहाजावर वाद घालण्याआधी आपल्या ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला दोन गोष्टी विचारा: काम फुलोऱ्याआधी निघणार का? आणि मोजे देणार का?