फिरणारी बाजू, न बदलणारी बेरीज

राहनाळ-भिवंडी परिसरातील मुलांना यंत्रमागाचा खडखडाट नवा नाही. चाकाची गोल गती फणीच्या पुढे-मागे होण्यात कशी बदलते, हे त्यांतल्या अनेकांनी पाहिलेले असते. फळ्यावरचा त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. तो बहुधा लघुकोनच असतो. त्यामुळे शिरोलंब त्रिकोणाबाहेरही पडू शकतो, हे कित्येकांना दहावीतही पटत नाही.

आकृती हलवून शिकवण्याची कल्पना संगणकापेक्षा फार जुनी आहे. फ्रेंच गणिती आलेक्सी क्लेरो याने 1741 साली नवशिक्यांसाठी भूमितीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कोनांच्या बेरजेकडे वळताना त्याने त्रिकोणाची एक बाजू चक्क फिरवली. अबक त्रिकोणात अब हा पाया आणि अक ही रेषा स्थिर ठेवा. बक ही बाजू ब भोवती, अ पासून दूर फिरवू या. क बिंदू अक रेषेवर वर सरकत जातो. ब कोन वाढतो, क कोन लहान होतो, अ तसाच राहतो. मग जेवढा एक वाढला तेवढाच दुसरा घटला असेल काय? फिरता फिरता बक ही अक ला समांतर होते. आता छेदनबिंदूच उरत नाही, क कोन जणू शून्यावर येतो आणि अ व ब हे आंतरकोन मिळून दोन काटकोन होतात. सिद्धतेची वाटही इथेच सापडते. मूळ त्रिकोणात ब मधून अक ला समांतर रेषा काढली, की व्युत्क्रम कोन क ला ब शेजारी आणून ठेवतो!

आपल्याकडे टी. सुंदर राव यांनी 1893 साली मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडली. फेलिक्स क्लाइन यांनी त्या पुस्तकाची दखल घेतली. पडद्यावर बिंदू ओढण्याची सोय 1980 च्या दशकात ग्रेनोबलच्या ‘काब्री’ने केली. 2001 च्या सुमारास साल्झबुर्गमध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ‘जिओजेब्रा’ सुरू केले. मुंबई आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पामुळे त्याचे पाठ मराठीतही आले.

मात्र पडद्यावर 180 हा आकडा स्थिर दिसला, की मुले सिद्धता झाली असे समजतात, आणि (खरे सांगायचे तर) आपणही तिथेच थांबतो. तो आकडा तर यंत्राने दशांशात कापून दाखवलेला असतो. क्लेरोचा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा: घट आणि वाढ सारखीच का? त्यासाठी दोन पट्ट्या आणि एक टाचणीही पुरते. वीज गेली तरी तास अडत नाही.